औरंगाबादचा विखुरलेला संग्रह

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, या शहरात आज तीन वस्तुसंग्रहालये महत्त्वाची मानली जातात: पहाडसिंगपुऱ्यातील सोनेरी महालात असलेले राज्य शासनाचे संग्रहालय, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या आवारातील इतिहास वस्तुसंग्रहालय आणि महानगरपालिकेचे छत्रपती शिवाजी महाराज पुराणवस्तुसंग्रहालय. तिन्ही संग्रहालये स्वातंत्र्योत्तर काळातील आहेत आणि या परिसरातील कलावस्तू गोळा होऊ लागून दीड-दोन शतके लोटल्यानंतर ती उभी राहिली. त्यामुळे त्यांच्या दालनांतील संग्रहाचा इतिहास लिहावयाचा तर त्याआधी या शहरातून आणि जिल्ह्यातून काय बाहेर गेले, कोणी नेले आणि कोठे नेले, हे पाहणे क्रमप्राप्त ठरते. वस्तूंचा हा प्रवास बहुतांशी कारभाराच्या वाटेने झाला. ज्या राजधानीकडे येथील अहवाल आणि हिशेब जात, त्याच राजधानीकडे चित्रे, नाणी आणि मूर्तीही गेल्या, आणि औरंगाबाद स्वतः फार थोडा काळ राजधानी राहिल्यामुळे त्याच्या वाट्याला संग्रह कमी आणि संग्रहाचे मूळ ठिकाण म्हणून मिळणारी ओळख अधिक आली.

मलिक अंबरने 1610 मध्ये खडकी येथे वसविलेले हे नगर पुढे काही काळ फतेहनगर म्हणून ओळखले गेले आणि औरंगजेबाच्या दख्खनच्या दुसऱ्या सुभेदारीत, 1653 च्या सुमारास, औरंगाबाद झाले. मोगलांबरोबर दख्खनमध्ये आलेल्या राजपूत सरदारांनी शहराच्या तटाबाहेर आपापले पुरे वसविले. पुरा म्हणजे एखाद्या सरदाराच्या लवाजम्यासाठी, सैन्यासाठी आणि त्यांना लागणाऱ्या कारागिरांसाठी वसविलेली स्वतंत्र वस्ती. करणपुरा, पदमपुरा, जयसिंगपुरा, पहाडसिंगपुरा ही नावे अजूनही चालू आहेत आणि त्यांतील करणपुऱ्याचे नाव बिकानेरचा राजा करणसिंग याच्यावरून पडले आहे. करणसिंगाचा मृत्यू 1669 मध्ये औरंगाबादेतच झाला. त्याचा पुत्र अनुपसिंग यानेही दख्खनच्या मोहिमांत आयुष्य घालविले आणि या काळात जमविलेली संस्कृत हस्तलिखिते बिकानेरला नेऊन तेथे जो ग्रंथसंग्रह उभा केला, तो अनुप संस्कृत ग्रंथालय या नावाने प्रसिद्ध आहे. चित्रकलेतही हेच घडले. भानुदत्ताच्या ‘रसमंजरी’ या नायिकाभेदावरील संस्कृत ग्रंथाची एक सचित्र पोथी 1650 मध्ये औरंगाबादेत तयार झाली; तीत राजस्थानी रेखाटनाची पद्धत आणि दख्खनी रंगसंगती यांचा मिलाफ दिसतो, म्हणून दख्खनी चित्रशैलीच्या अभ्यासात तिला महत्त्वाचे स्थान आहे. या पोथीची पाने सुटी होऊन निरनिराळ्या संग्रहांत पांगली आहेत. आश्रयदाते राजपूत, चित्रकारांचे वास्तव्य दख्खनमधले आणि संग्रह भलतीकडेच, अशी ही स्थिती या शहराच्या कलेतिहासात पुढे वारंवार आढळते. 1763 मध्ये निजाम अलीने राजधानी औरंगाबादहून हैदराबादला हलविली आणि दरबाराबरोबर दरबारी संग्रहाचा आधारही शहराने गमावला.

अठराव्या शतकाच्या अखेरीस वेरूळची लेणी युरोपीय लोकांच्या कुतूहलाचा विषय झाली. पुण्याच्या पेशवे दरबारातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट 1794 मध्ये वेरूळला गेला आणि त्याने लेण्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्या वर्णनासाठीची चित्रे पुण्याचा गंगाराम चिंतामण तांबट याने काढली. जातीने तांबट असलेला, म्हणजे तांब्या-पितळेची भांडी घडविणाऱ्या समाजातून आलेला हा कलावंत जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराच्या संपर्कात आला होता आणि शनिवारवाड्यात पेशव्यांच्या आश्रयाने सुरू झालेल्या चित्रशाळेशी त्याचा निकटचा संबंध होता. वेल्सने स्वतः वेरूळची रेखाटने केली. 1795 मध्ये तो वारल्यानंतर त्यांच्या आधारे थॉमस डॅनियल याने 1803 मध्ये लंडनमध्ये वेरूळवरील चोवीस चित्रांचा संच छापला. गंगारामची मूळ चित्रे मॅलेटच्या संग्रहातून पुढे अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात गेली. वेरूळ येथे राहणाऱ्या आपल्या गुरूचे गंगारामने काढलेले चित्रही त्यांत आहे. वेरूळच्या लेण्यांचे एका मराठी चित्रकाराने केलेले हे आरंभीचे चित्रण वेरूळपासून हजारो मैलांवर सुरक्षित आहे आणि आपल्याकडे त्याचा उल्लेखही क्वचितच होतो, ही खेदाची गोष्ट म्हटली पाहिजे.

अजिंठ्याची कथा याहून लांब आणि अधिक गुंतागुंतीची आहे, कारण तेथील मुख्य कलावस्तू भिंतीला चिकटलेली असल्यामुळे ती नेता येण्यासारखी नव्हती. 28 एप्रिल 1819 रोजी मद्रास घोडदळातील जॉन स्मिथ या अधिकाऱ्याने दहाव्या लेण्यात आपले नाव आणि तारीख कोरून ठेवली. त्यानंतर आलेल्या पाहुण्यांपैकी काहींना चित्रांचे तुकडे भिंतीवरून सोलून नेण्याचा मोह आवरला नाही. मुंबईचे डॉ. जेम्स बर्ड यांनी असे प्रयत्न केल्याचे समकालीनांनीच नमूद केले आहे. रंगाचा थर ज्या माती, शेण, भुसा आणि चुन्याच्या गिलाव्यावर बसविलेला असतो तो गिलावा ठिसूळ असल्यामुळे सोललेले चित्र बहुधा हातातच भुगा होऊन जाई. तरीही काही तुकडे टिकले, आणि त्यांतील एक अमेरिकेतील बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयात आहे. संग्रहालयासाठी चित्र मिळविण्याचा हा मार्ग मूळ कृतीचा नाश करणारा होता. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून दुसरा मार्ग रूढ झाला: मूळ भिंतीवर ठेवायचे आणि त्याच्या आकाराची नक्कल कापडावर करून संग्रहालयात न्यायची.

वास्तुकलेचा अभ्यासक जेम्स फर्ग्युसन याने 1843 मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे लेण्यांविषयी निबंध वाचला आणि चित्रे नष्ट होण्याआधी त्यांच्या नकला करवून घ्याव्यात, असा आग्रह धरला. ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनी तो मानला आणि मद्रासच्या सैन्यातील रॉबर्ट गिल याची 1844 मध्ये या कामावर नेमणूक झाली. गिलने अजिंठा गावातील बारादरीत मुक्काम केला आणि सुमारे दोन दशके तैलरंगांत मोठमोठ्या नकला केल्या. त्याची सहचारिणी पारो 1856 मध्ये वारली; तिची कबर अजिंठा गावात आहे, तर गिलचे दफन भुसावळला झाले. ना. धों. महानोरांच्या ‘अजिंठा’ या दीर्घकाव्यामुळे मराठी वाचकाला गिल आठवतो तो प्रामुख्याने पारोच्या संदर्भात. परंतु संग्रहालयाच्या इतिहासात त्याचे स्थान त्या प्रेमकथेवर अवलंबून नाही. छायाचित्रणाची नवी विद्याही त्याने आत्मसात केली होती आणि 1864 मध्ये फर्ग्युसनच्या मजकुरासह भारतातील लेण्यांची त्याची छायाचित्रे पुस्तकरूपाने निघाली. त्याच्या नकला लंडनला जाऊन सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये प्रदर्शित झाल्या आणि 30 डिसेंबर 1866 च्या आगीत, थोडेसे अपवाद वगळता, जळून गेल्या. दोन दशकांच्या श्रमाचे फळ अशा रीतीने एका रात्रीत नाहीसे झाले.

या आगीमुळेच नकलांचे दुसरे काम हाती घेण्यात आले. 1872 मध्ये मुंबई सरकारने सर ज. जी. कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स यांच्याकडे ते सोपविले आणि तेरा वर्षे, थंडीच्या दिवसांत, ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांसह अजिंठ्याला मुक्काम करून राहिले. पेस्तनजी बमनजी यांच्यासारखे पुढे नावारूपास आलेले चित्रकार या विद्यार्थ्यांत होते, आणि पाश्चात्त्य पद्धतीचे शिक्षण घेणाऱ्या मुंबईच्या पिढीचा प्राचीन भारतीय चित्रकलेशी पहिला प्रत्यक्ष परिचय याच मुक्कामांत झाला. सुमारे 300 नकला तयार झाल्या. त्या लंडनला साउथ केन्सिंग्टन येथे ठेवल्या गेल्या आणि 1885 मध्ये तेथेही आग लागून त्यांतील शंभराहून अधिक नष्ट झाल्या. दोन्ही संचांतून वाचलेल्या 166 नकला आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाकडे आहेत. 1955 नंतर त्यांपैकी एकही कायम प्रदर्शनात नाही. अलीकडे त्यांच्यापैकी अनेकींचे जतनकार्य झाले आहे. ग्रिफिथ्स यांनी 1896-97 मध्ये दोन मोठ्या खंडांत या चित्रांचे पुनर्मुद्रण करून अजिंठा जगापुढे ठेवला, हे त्यांचे श्रेय मोठे आहे. परंतु नक्कल करताना चित्र स्पष्ट दिसावे म्हणून मूळ भिंतीवर वार्निश लावण्याची जी पद्धत त्या काळी अवलंबिली गेली, तिने पुढे पिवळेपणा आणि पापुद्रे यांची कायमची व्याधी लावून दिली. ज्या कृतीचा बचाव करावयाचा तिलाच नकलेच्या सोयीसाठी इजा पोहोचली. संग्रहाच्या हव्यासाची ही किंमत मूळ ठिकाणाने मोजली, हे विसरून ग्रिफिथ्स यांच्या खंडांचे कौतुक करता येणार नाही.

विसाव्या शतकात नक्कल करणाऱ्यांची दृष्टी बदलली. 1909 ते 1911 या काळात लेडी ख्रिस्तियाना हेरिंगहॅम यांच्या गटात कलकत्त्याहून नंदलाल बोस, असितकुमार हालदार, समरेंद्रनाथ गुप्त आणि के. व्यंकटप्पा आले, तर हैदराबादेतून सैयद अहमद आणि मुहम्मद फजलुद्दीन आले. भारतीय चित्रकारांना येथे केवळ पुरातन अवशेष दिसले नाहीत. आपल्या चित्रकलेची भाषा नव्याने घडविण्याचे साधन त्यांना सापडले. या नकला 1915 मध्ये लंडनच्या इंडिया सोसायटीने प्रसिद्ध केल्या. जपानी चित्रकार अराई काम्पो याने 1916 ते 1918 या काळात येथे येऊन नकला केल्या. त्या तोक्योच्या विद्यापीठात होत्या आणि 1923 च्या महाभूकंपात लागलेल्या आगीत त्या जळाल्या. गिल, ग्रिफिथ्स आणि अराई अशा तीन संचांचे मोठे भाग आगीने गिळले. मूळ चित्रे मात्र, वाघूर नदीच्या वळणावरील डोंगरात, वटवाघळे, ओल आणि वार्निश यांना तोंड देत टिकून राहिली.

वरील सर्व उपक्रमांत औरंगाबाद शहराची भूमिका थांबण्याच्या ठिकाणापुरतीच होती. अजिंठा आणि वेरूळ निजामाच्या राज्यात होते, त्यामुळे परवानगी हैदराबादेहून मिळे, पैसा मुंबई, लंडन किंवा हैदराबादेतून येई आणि काम संपल्यावर त्याचे फळ त्याच ठिकाणी परत जाई. निजाम सरकारने 1914 मध्ये स्वतंत्र पुरातत्त्व खाते स्थापन केले आणि त्याचे संचालकपद गुलाम याझदानी यांच्याकडे दिले. या खात्याने लेण्यांच्या संवर्धनासाठी 1920 ते 1922 या काळात लोरेंझो चेक्कोनी आणि काउंट ऑर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना बोलावले. याझदानी यांनी स्वतः 1930 ते 1955 या काळात चार भागांत अजिंठ्याच्या चित्रांचे रंगीत आणि कृष्णधवल छायाचित्रांसह प्रकाशन केले. हेरिंगहॅमच्या गटात शिकून तयार झालेले सैयद अहमद अजिंठ्याचे अभिरक्षक झाले. अभिरक्षक म्हणजे वास्तू किंवा संग्रह यांचे जतन आणि देखभाल करणारा अधिकारी. त्यांनी आणि मोहम्मद जलालुद्दीन यांनी केलेल्या नकला हैदराबादच्या सार्वजनिक बागेत 1930 मध्ये सुरू झालेल्या संग्रहालयात लावल्या गेल्या आणि त्यांचे खास दालन तेथे अजूनही आहे. अजिंठ्याच्या डोंगरात आयुष्य घालविणाऱ्या अभिरक्षकाची कलाकृती औरंगाबादेत न राहता हैदराबादेत गेली. यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता, खात्याचे मुख्यालय तेथे होते एवढेच.

याच खात्याने 1937 च्या सुमारास पैठणला उत्खनन केले. पैठण हे सातवाहनांचे प्रतिष्ठान. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासमार्गदर्शिकेत त्याचा निर्देश असून भडोचपासून वीस दिवसांच्या अंतरावर ते आहे आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजचे तेर, आहे, असे तीत सांगितले आहे. मौल्यवान खडे पैठणहून आणि कापड तगरहून समुद्रकिनाऱ्याकडे जाई. दक्षिणेतील व्यापाराचा हा मुख्य राजमार्ग ज्या प्रदेशातून जाई, त्या प्रदेशाचे शासकीय उत्खनन आणि त्याचे फलित यांवर हैदराबादच्या खात्याचा अधिकार होता. 17 सप्टेंबर 1948 रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, 1956 मध्ये राज्यपुनर्रचनेनंतर मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि 1 मे 1960 रोजी महाराष्ट्रात आला. मराठवाड्याची हद्द बदलली. हैदराबादचे संग्रहालय हैदराबादेतच राहिले.

नव्या व्यवस्थेतही जुनी वाट लगेच मोडली नाही. कन्नड तालुक्यातील पितळखोरा लेण्यांचे उत्खनन भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणातर्फे म. न. देशपांडे यांनी 1950 च्या दशकात केले आणि त्याचा अहवाल 1959 मध्ये ‘एन्शंट इंडिया’ या सर्वेक्षणाच्या नियतकालिकात आला. लेण्यांच्या अंगणातील ढिगारा दूर करताना तेथे अनेक शिल्पे मिळाली. त्यांतील एक बुटका यक्ष विशेष प्रसिद्ध आहे. त्याच्या हातावर ब्राह्मी लिपीत कोरलेल्या ओळीत ही मूर्ती कण्हदास नावाच्या सोनाराने घडविल्याची नोंद आहे. सोन्यात काम करणाऱ्याने दगडात हात घालावा आणि स्वतःचे नाव कोरावे, ही महाराष्ट्राच्या प्राचीन कलेतील विरळ घटना आहे, कारण लेण्यांत दान देणाऱ्यांची नावे भरपूर आढळतात, घडविणाऱ्यांची मात्र जवळजवळ नाहीत. हा यक्ष नवी दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तेथे तो अधिक लोकांनी पाहिला, हे खरे. तरीही कण्हदासाचा हात ज्या जिल्ह्यात चालला तेथील शाळकरी मुलांना त्याची मूर्ती पाहायला दिल्लीची वारी करावी लागते.

येथपर्यंतचा इतिहास बाहेर गेलेल्या वस्तूंचा आहे. मागे राहिलेल्या वस्तूंचे श्रेय सरकारी खात्यांपेक्षा काही व्यक्तींकडे जाते आणि या व्यक्तींना संग्रह का करावासा वाटला, हे समजण्यासाठी मराठवाड्यातील पांढरीचा विचार करावा लागतो. पांढर किंवा पांढरी म्हणजे जुन्या वस्तीच्या जागेवरील राखी-पांढरट मातीचा थर. पिढ्यान्‌पिढ्या घरे पडत आणि त्यांच्यावर नवी उभी राहत गेल्यामुळे तो टेकाडासारखा उंचावतो. धाब्याच्या घराच्या छतासाठी आणि भिंतीसाठी गावकरी ही माती खणून नेत, आणि मातीबरोबर मणी, नाणी, खापरे, शंखाच्या बांगड्या, भाजक्या मातीच्या बाहुल्या वर येत. पहिल्या पावसानंतर टेकाडाच्या उतारावर या वस्तू उघड्या पडत. मुले त्या खेळायला नेत, काही फुटून जात, काही बाजारात जात. पैठणला बाळासाहेब पाटील आणि तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांनी आपापल्या गावांच्या पांढरीतून निघणाऱ्या अशा वस्तू वर्षानुवर्षे जमविल्या, आणि पुढे त्या शासनाच्या ताब्यात आल्या. पैठणचे कै. बाळासाहेब पाटील शासकीय वस्तुसंग्रहालय आणि तेरचे रामलिंगप्पा लामतुरे शासकीय वस्तुसंग्रहालय या दोन्हींची नावे संग्राहकांचे ऋण मान्य करतात. मराठवाड्यातील सातवाहनकालीन संस्कृतीचे जे चित्र अभ्यासकांच्या डोळ्यांसमोर आहे, ते या दोघांच्या छंदावाचून पूर्ण झाले नसते.

तेरच्या वस्तूंना जगाच्या इतिहासाशी जोडणारा धागा हस्तिदंताचा आहे. 1938 मध्ये इटलीत पॉम्पेई येथे अमेदेओ मायुरी यांना हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती मिळाली. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या घरात ती होती, म्हणून त्या वर्षापूर्वी ती भारतातून रोमन जगात पोहोचली, हे निश्चित ठरते. ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे आणि सुरुवातीस तिला लक्ष्मी मानले गेले. तेर येथे मिळालेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती अलंकार, केशरचना आणि उभे राहण्याची ढब या सर्व बाबतींत तिच्याशी इतकी जवळची आहे की पॉम्पेईची मूर्ती दख्खनमध्ये, कदाचित तेर-भोकरदनच्या परिसरात, घडली असावी, असे मत मांडले गेले. ब्रिटिश म्युझियमचे डग्लस बॅरेट यांनी 1960 मध्ये तेरवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली, तीमुळे लामतुरे यांच्या संग्रहाकडे युरोपातील अभ्यासकांचे लक्ष वेधले गेले. तेरच्या भाजक्या मातीच्या बाहुल्यांत केओलिन या पांढऱ्या चिनीमातीच्या, दोन साच्यांत दाबून पोकळ घडविलेल्या मूर्ती आहेत. दुहेरी साच्याचे हे तंत्र रोमन संपर्कातून आले असावे, असे मानले जाते.

तथापि संग्राहकाने वाचविलेली वस्तू आणि उत्खननातून आलेली वस्तू यांत अभ्यासाच्या दृष्टीने मोठा फरक राहतो. उत्खनन करणारा प्रत्येक वस्तू कोणत्या खंदकात, कोणत्या स्तरात, कोणत्या इतर वस्तूंच्या सोबत मिळाली, हे नोंदवितो; स्तर म्हणजे एका काळात साचलेला मातीचा थर, आणि खालचा स्तर वरच्यापेक्षा जुना असतो, या साध्या नियमावर काळ ठरविता येतो. पांढरीतून उचललेल्या मण्याला असा स्तर नसतो. तो पैठणचा आहे, एवढेच सांगता येते, आणि संग्राहकाने विकत घेतलेल्या वस्तूच्या बाबतीत तेही कधी कधी निश्चितपणे सांगता येत नाही. मराठवाडा विद्यापीठाने हे अंतर भरून काढण्याचा एक चांगला प्रयत्न केला. 1958 मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठातील रमेश शंकर गुप्ते हे मूर्तिशास्त्राचे आणि अजिंठा-वेरूळ-औरंगाबाद येथील लेण्यांचे अभ्यासक होते. त्यांनी नागपूर विद्यापीठाचे शां. भा. देव यांच्यासह 1973 मध्ये भोकरदन येथे उत्खनन केले आणि पुढच्याच वर्षी त्याचा अहवाल दोन्ही विद्यापीठांनी प्रसिद्ध केला. भोकरदन तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात होते, 1981 पासून ते जालना जिल्ह्यात आहे. सांची आणि भारहूत येथील स्तूपांच्या दानलेखांत ज्या भोगवर्धनाचे नाव येते ते हेच गाव. तेथे पॉम्पेईच्या मूर्तीशी नाते सांगणारी हस्तिदंती मूर्ती मिळाली. ती स्तरातून, खंदकातून, नोंदीसह मिळाली, म्हणून तेरच्या मूर्तीच्या काळनिर्णयासही तिचा आधार झाला. विद्यापीठाच्या इतिहास वस्तुसंग्रहालयाचे वैशिष्ट्य असे उत्खननाशी बांधलेले आहे, आणि शहरातल्या इतर दोन संग्रहालयांपेक्षा तेथील प्राचीन वस्तूंचा आधार अधिक पक्का मानावा लागतो.

महानगरपालिकेच्या संग्रहालयाची घडण निराळ्या प्रकारची आहे. शहरातील डॉ. शांतिलाल पुरवार यांनी जमविलेला खासगी संग्रह जुन्या शहरातील सराफा भागातील एका जुन्या हवेलीत अनेक वर्षे प्रदर्शित होता आणि शहर पाहायला येणाऱ्या प्रवाशांच्या मार्गदर्शिकांतही त्याचा उल्लेख असे. त्या संग्रहातील ख्यातनाम वस्तू पुढे महापालिकेच्या छत्रपती शिवाजी महाराज पुराणवस्तुसंग्रहालयात दिसू लागल्या: लोखंडी कड्या एकमेकींत गुंफून बनविलेले चिलखत, शतके जुनी म्हणून सांगितली जाणारी पैठणी, आणि औरंगजेबाच्या हातची म्हणून दाखविली जाणारी कुराणाची प्रत. 1972 च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायद्यानुसार अशा वस्तूंच्या खासगी मालकांवर नोंदणीचे बंधन आले. शंभर वर्षांहून जुनी वस्तू आणि पंच्याहत्तर वर्षांहून जुने हस्तलिखित पुरावशेषात मोडते. कायद्याने वस्तूला नोंद दिली, परंतु तिचा इतिहास कोणी सांगायचा, हा प्रश्न शिल्लक राहिला. औरंगजेब कुराणाच्या प्रती स्वहस्ते लिहीत असे आणि त्यांतील काही मक्का-मदिनेला पाठवीत असे, हे समकालीन फार्सी साधनांत आहे. त्याच कारणामुळे त्याच्या हस्ताक्षरातील म्हणून मानल्या जाणाऱ्या प्रती देशात अनेक ठिकाणी आहेत. एखाद्या प्रतीवर अखेरीस लेखकाचे नाव आणि तारीख देणारी पुष्पिका आहे का, कागद आणि शाई कोणत्या काळातील आहेत, अक्षराची वळणे इतर निश्चित प्रतींशी जुळतात का, या तीन गोष्टी तपासल्याशिवाय असा दावा फलकावर लिहिणे शास्त्राला धरून नाही. पैठणीबाबतही हाच नियम लागू पडतो. रेशीम आणि जर जुन्या होताना लवकर विरतात. नक्षीच्या बुट्ट्यांवरून काळ सांगता येतो, पण तो अंदाजाने. शहराच्या संग्रहालयाने शिवाजी महाराजांचे नाव धारण केले आहे, आणि त्या नावाखाली ठेवलेल्या वस्तूंची ओळख अधिक काटेकोर असायला हवी, अशी अपेक्षा करणे गैर नाही.

सोनेरी महालाची गोष्ट थोडक्यात सांगण्याजोगी आहे. दगड आणि चुन्यात बांधलेली, उंच जोत्यावर उभी असलेली ही दुमजली इमारत सतराव्या शतकाच्या मध्यास औरंगजेबाबरोबर दख्खनमध्ये आलेल्या बुंदेलखंडी सरदार पहाडसिंगाने बांधली आणि आतील भिंतींवर सोनेरी रंगांत काढलेल्या चित्रांवरून तिला हे नाव पडले, असे सांगितले जाते. ती चित्रे आता नाहीत. शहराच्या पुऱ्यांतील राजपूत वाड्यांपैकी टिकून असलेला हा महत्त्वाचा नमुना, आणि राज्य शासनाने त्यात मराठवाड्यातील मूर्ती, खापरे, वस्त्रे, शस्त्रे आणि चित्रे ठेवली. इमारतीच्या भिंतीवरील चित्रे गेली आणि इतर ठिकाणांहून आणलेल्या वस्तूंनी तिची दालने भरली, म्हणजे येथे कवच आणि आतील ऐवज यांचा मूळ संबंध तुटलेला आहे. अशा वेळी इमारतीलाच पहिली संग्रहवस्तू मानून तिच्या भिंतींचा, गिलाव्याचा आणि रंगाच्या उरलेल्या अंशांचा स्वतंत्र अभ्यास करणे आणि त्याचे फलक लावणे उचित ठरले असते.

नकलांची परंपराही संपलेली नाही. 2013 मध्ये फर्दापूरजवळ अजिंठा पर्यटक केंद्र उघडले, आणि त्यात लेणी क्रमांक 1, 2, 16 आणि 17 यांच्या प्रतिकृती उभारण्यात आल्या. या केंद्रासाठी जपानकडून कर्ज घेतले होते. मूळ लेण्यांत माणसांच्या श्वासातील ओल आणि उष्णता वाढते आणि चित्रांना त्रास होतो, हे कारण योग्य आहे. परंतु प्रतिकृती उभी करणे सोपे आणि ती चालू ठेवणे कठीण, हे लवकरच दिसून आले; वीजबिलांसारख्या साध्या कारणांनी असे केंद्र बंद राहण्याची वेळ आली. गिलच्या नकला आगीने गेल्या. या प्रतिकृती देखभालीअभावी जाऊ शकतात.

ही सर्व संग्रहालये वेगवेगळ्या खात्यांच्या ताब्यात आहेत: सोनेरी महाल, पैठण आणि तेर राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे, एक विद्यापीठाकडे, एक महापालिकेकडे, आणि अजिंठा, वेरूळ, पितळखोरा केंद्राच्या सर्वेक्षणाकडे. प्रत्येकाची आपापली नोंदवही आहे. नोंदवही म्हणजे संग्रहालयात दाखल झालेल्या वस्तूचा क्रमांक, प्राप्तिस्थान, देणारा, आकार आणि स्थिती लिहिलेले मूळ दफ्तर, ज्याच्या आधाराशिवाय वस्तू फलकावरच्या शब्दांपुरती उरते. या नोंदवह्यांचा एकत्रित, वर्णनात्मक सूचिग्रंथ मराठीत तयार व्हावा, त्यात लामतुरे, पाटील आणि पुरवार यांनी कोणती वस्तू कोठून आणि कोणाकडून मिळविली, याविषयी त्यांच्या कुटुंबांना आणि गावकऱ्यांना जे आठवत असेल ते आजच लिहून घ्यावे, आणि हैदराबाद, दिल्ली, लंडन व येल येथील मराठवाड्याच्या वस्तूंची छायाचित्रे त्याच ग्रंथात जोडली जावीत. अमेरिका आणि युरोपातील संग्रहालये आता आपल्या वस्तूंची छायाचित्रे अभ्यासकांना देऊ लागली आहेत, त्यामुळे या कामात पैशापेक्षा आग्रहाची उणीव अधिक आहे. शहराच्या नागरिकांनी, विद्यापीठाच्या इतिहास विभागाने आणि महापालिकेने मिळून हे काम हाती घ्यावे. वस्तू परत आणण्याचा प्रश्न न्यायालयात व सरकारांत दीर्घकाळ चालेल, परंतु त्यांची यादी करण्यास कोणाची परवानगी लागत नाही.